खलनायकाचे बालपण आणि प्रेक्षकाचे मन

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जोकर’ हा इंग्रजी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा अमेरिकेतील अनेक चित्रपटगृहांच्या दाराशी पोलिसांचा पहारा होता. मुखवटा घालून किंवा तोंड रंगवून येणाऱ्यांना आत सोडले जाणार नाही, असे काही चित्रपटगृहांनी आधीच जाहीर केले होते. करमणुकीच्या चित्रपटासाठी एवढा बंदोबस्त का, याचे उत्तर सात वर्षे मागे होते. २० जुलै २०१२ च्या मध्यरात्री कोलोराडो राज्यातील ऑरोरा येथे बॅटमॅन मालिकेतील ‘द डार्क नाइट राइझेस’चा खेळ चालू असताना एका तरुणाने प्रेक्षागृहात गोळीबार केला. बारा जण ठार झाले, अनेक जखमी झाले. मारेकरी स्वतःला जोकर म्हणवीत होता, अशी वार्ता तेव्हा वाऱ्यासारखी पसरली. पुढे ती निराधार ठरली. पण लोकांच्या मनात त्या दोन गोष्टींची सांगड एकदा बसली ती बसलीच.

म्हणूनच बॅटमॅनच्या या कट्टर शत्रूची जन्मकथा सांगणारा स्वतंत्र चित्रपट येत आहे हे कळताच ऑरोरातील मृतांच्या काही आप्तांनी निर्मितीसंस्थेला, म्हणजे वॉर्नर ब्रदर्सला, पत्र लिहिले. हे पत्र आपल्याकडील आंदोलकांनीही अभ्यासावे असे आहे. त्यात चित्रपटावर बंदीची मागणी नव्हती. अभिव्यक्तिस्वातंत्र्य त्यांनी मान्य केले होते. बंदूक-समर्थक गटांचा पैसा घेणाऱ्या राजकारण्यांना कंपनीने देणग्या देऊ नयेत आणि अशा हल्ल्यांतून वाचलेल्यांसाठी काही निधी द्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हा चित्रपट हिंसेचे समर्थन करीत नाही, असे उत्तर कंपनीने दिले. ऑरोरातील त्या चित्रपटगृहात मात्र ‘जोकर’ लागलाच नाही.

भीती बाळगली गेली तसा रक्तपात झाला नाही, हे प्रारंभीच प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. चित्रपट पाहून माणसे हातात सुरे घेऊन बाहेर पडली नाहीत. त्यांनी तिकिटे काढली, आणि पुन्हा काढली. केवळ प्रौढांसाठी असलेल्या या चित्रपटाने जगभरात एक अब्ज डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्या वर्गातील कोणत्याही चित्रपटाने तोवर एवढी मजल मारली नव्हती. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च असा सुवर्णसिंह मिळाला. ऑस्करसाठी अकरा नामांकने झाली आणि नायकाची भूमिका करणाऱ्या वॉकिन फिनिक्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. तेव्हा असे चित्रपट पाहून लोक खून करतात काय, हा प्रश्न बाजूला ठेवण्यास हरकत नाही. लोक पाहतात ते काय आणि पाहण्याचे नाकारतात ते काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

जोकर हे पात्र १९४० सालच्या चित्रकथेत जन्मले. पांढरा चेहरा, हिरवे केस, लाल ओठ आणि न थांबणारे हसू. त्याच्या पूर्वायुष्याच्या गोष्टी अधूनमधून रचल्या गेल्या, पण त्यांतील एकही पक्की मानली गेली नाही. १९८८ सालच्या ‘द किलिंग जोक’ या प्रसिद्ध चित्रकथेत त्याला एक पूर्वकथा दिली गेली आणि त्याच वेळी आपल्याला ती निरनिराळ्या प्रकारे आठवते, असेही त्याच्याच तोंडून वदवले गेले. २००८ सालच्या ‘द डार्क नाइट’मध्ये हीथ लेजरने रंगवलेला जोकर तोंडावरच्या जखमांच्या दोन वेगवेगळ्या कहाण्या सांगतो, प्रेक्षकाने कोणती खरी मानावी हे कळू नये, हीच त्यातली दहशत. दुष्टपणाला कारण नसणे हेच त्या पात्राचे भय होते.

२०१९ च्या चित्रपटाने त्या भयाच्या जागी करुणा आणली. आर्थर फ्लेक हा विदूषकाची कामे करून पोट भरणारा, आजारी आईची शुश्रूषा करणारा, मनोविकाराने पीडित माणूस. त्याला अवेळी हसू फुटते आणि ते आवरत नाही. रस्त्यात पोरे त्याला तुडवतात. त्याचे समुपदेशन आणि औषधे देणारे सरकारी केंद्र पैशाअभावी बंद होते. लहानपणी झालेल्या छळाची कागदपत्रे त्याच्या हाती लागतात. दूरचित्रवाणीवरचा ज्याला तो पित्यासमान मानतो तो निवेदक त्याची टर उडवतो. यांतला एकही प्रसंग खोटा वाटत नाही. ज्या समाजात कुटुंब मोडले, शेजार मोडला आणि उरलेला सरकारी आधारही काढून घेतला, त्या समाजात एकटा पडलेला माणूस कसा कुजत जातो, याचे चित्र दिग्दर्शक टॉड फिलिप्सने समर्थपणे काढले आहे. पाश्चात्त्य विकृती, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. पण मुंबई-पुण्याच्या भाड्याच्या खोल्यांत एकटे राहणारे किती तरुण आज कोणाशी मनातले बोलतात, असा प्रश्न कोणी उलट विचारला तर उत्तर देणे जड जाईल. (मनोरुग्ण म्हणजे संभाव्य खुनी, अशी जी समजूत या चित्रपटाने नकळत दृढ केली ती मात्र अन्यायाची आहे. मनोरुग्ण हे हिंसा करणारे असण्यापेक्षा हिंसेचे बळी असण्याचीच शक्यता अधिक असते.)

मग आर्थर मारू लागतो. आगगाडीच्या डब्यात छेडछाड करणाऱ्या आणि त्यालाही मारहाण करणाऱ्या तीन तरुणांना तो गोळ्या घालतो. त्यांतला शेवटचा जखमी होऊन पळत असतो आणि आर्थर त्याच्या मागे जाऊन त्याला संपवतो. पुढे आईच्या तोंडावर उशी दाबतो. त्या निवेदकाला थेट प्रक्षेपणात ठार करतो. या मेलेल्यांचे घरदार काय, त्यांच्यामागे कोण रडले, हे चित्रपट सांगत नाही. जन्मकथा फक्त मारणाऱ्याला आहे.

याला अपवाद एकच, आणि तो अत्यंत बोलका आहे. गॅरी हा आर्थरचा शरीराने खुजा असलेला सहकारी दुसऱ्या एका सहकाऱ्याबरोबर त्याच्या घरी सांत्वनाला येतो. आर्थर त्या दुसऱ्याला गॅरीच्या डोळ्यांदेखत कात्रीने भोसकून मारतो आणि गॅरीला म्हणतो, तू जा. भेदरलेला गॅरी दाराशी पोहोचतो, पण वरच्या साखळीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. ज्याच्या अंगावर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या आहेत त्या खुन्यालाच दार उघडून देण्याची विनंती त्याला करावी लागते. हा प्रसंग असा रचला आहे की प्रेक्षकाला हसू यावे. आर्थर त्याच्या मस्तकाचे चुंबन घेतो आणि माझ्याशी चांगले वागणारा तू एकटाच होतास, असे सांगून त्याला सोडतो. प्रेक्षकाला खुन्याचा हा चांगुलपणा भावतो. गॅरी त्या रात्री घरी गेल्यावर झोपू शकला असेल काय, असा विचार मनात यायला अवकाशच मिळत नाही.

पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, याच दिग्दर्शकाने दुसरा भाग आणला. आर्थरवर खटला चालू आहे. बाहेर त्याच्या भक्तांचे थवे जमले आहेत. स्वतःचे वकीलपत्र स्वतःच घेऊन, तोंड रंगवून, तो न्यायालयात नाटक करीत आहे. अशा वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गॅरी येतो. आर्थर आधी त्याची थट्टा करतो. मग गॅरी बोलू लागतो. त्या दिवसापासून आपण काम करू शकत नाही, आपल्याला भीती वाटते. कामाच्या जागी आपली टवाळी न करणारा तूच एक होतास आणि तूच हे केलेस, अशा आशयाचे तो बोलतो. सारे न्यायालय स्तब्ध होते. खुद्द आर्थरच्या चेहऱ्यावरचे हसू मावळते. अखेर तो कबूल करतो की जोकर नावाचा कोणी नाही. गुन्हे आपणच केले. त्याच क्षणी त्याच्यावर प्रेम करणारी स्त्री उठून निघून जाते, कारण तिचे प्रेम जोकरवर होते, आर्थरवर नव्हते.

आणि त्या स्त्रीबरोबर प्रेक्षकही उठून गेला. पहिल्याच दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांची मते घेऊन श्रेणी देणारी सिनेमास्कोर नावाची संस्था अमेरिकेत आहे. पहिल्या भागाला प्रेक्षकांनी ‘बी प्लस’ श्रेणी दिली होती. दुसऱ्याला ‘डी’ दिली. चित्रकथांवर आधारलेल्या कोणत्याही चित्रपटाला तोवर मिळालेली ती सर्वांत खालची श्रेणी होती. पहिल्याने एक अब्जाच्या पुढे मजल मारली, तर दुसरा कितीतरी अधिक खर्चाचा असूनही दोनशे दशलक्ष डॉलरच्या आसपास अडखळला. न्यायाने बोलायचे तर या अपयशाला दुसरीही कारणे आहेत. गाण्यांची भरताड आहे, कथा जागच्या जागी घुटमळते, काही भाग चक्क कंटाळवाणा आहे. तरीही प्रेक्षकांच्या तक्रारीचा मुख्य सूर ध्यानात घेण्याजोगा होता. आमचा जोकर तुम्ही आमच्यापासून हिरावून घेतला, असा तो सूर होता. खलनायकाची कहाणी ऐकून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना त्याने घाबरवलेल्या माणसाची साक्ष ऐकवेना.

खलनायकाला भूतकाळ देण्याचा हा हव्यास एकट्या जोकरपुरता नाही. ‘स्लीपिंग ब्यूटी’ या परीकथेतील दुष्ट मायाविनी २०१४ च्या ‘मॅलेफिसेंट’मध्ये फसवली गेलेली प्रेमिका झाली. कुत्र्यांच्या कातड्याचे कपडे करू पाहणारी क्रुएला २०२१ मध्ये स्वतःच्या चित्रपटाची नायिका झाली. तिच्या आईला डाल्मेशियन कुत्र्यांनीच कड्यावरून ढकलल्याचे दाखवले, तेव्हा मात्र प्रेक्षकांनाही हसू आवरले नाही! कार्यकारणभावाची इतकी स्वस्त जुळणी कथेकऱ्याला शोभत नाही. परंतु प्रवृत्ती लक्षात येते. दुष्टत्वाचे मूळ सदैव दुसऱ्या कोणीतरी केलेल्या अन्यायात दाखवायचे, म्हणजे कर्त्याच्या पदरी काही उरत नाही.

भारतीय मनाला खलनायकाची पूर्वपीठिका नवीन आहे काय? मुळीच नाही. नृसिंहजयंतीच्या कीर्तनात प्रह्लादाच्या आधी हिरण्यकशिपूची कथा येते आणि हिरण्यकशिपूच्या आधी वैकुंठाच्या दारावरील जय-विजयांची. सनकादिकांना अडवले म्हणून शाप मिळालेले ते विष्णूचे द्वारपालच तीन जन्म वैरी होऊन येतात. हिरण्याक्ष आणि हिरण्यकशिपू, रावण आणि कुंभकर्ण, शिशुपाल आणि दंतवक्र. दुष्टाचे मूळ देवाच्या उंबरठ्यावर आहे, याहून अधिक सहानुभूतीची जन्मकथा हॉलिवूडला सुचणार नाही. तरीही खांबातून प्रकटलेला नृसिंह, शाप होता म्हणून, हिरण्यकशिपूला सोडून देत नाही. सुंदरकांडात बंदी म्हणून उभा केलेला हनुमान रावणाचे तेज पाहून थक्क होतो. याच्या ठायी अधर्म नसता तर हा देवलोकाचाही रक्षक शोभला असता, असा विचार त्याच्या मनात येतो. त्यानंतर तो लंका जाळतो.

भासाने तर ‘ऊरुभंग’ या एकांकी नाटकात दुर्योधनालाच रंगमंचाच्या मध्यभागी आणले. त्याच्या मांड्या मोडल्या आहेत. लहानगा दुर्जय येतो आणि नेहमीप्रमाणे बापाच्या मांडीवर बसू पाहतो. ती मांडी आता राहिलेली नाही, हे पोराला कसे सांगावे? संस्कृत रंगभूमीवर खलनायकाविषयी इतका कारुण्यपूर्ण क्षण दुसरा क्वचितच असेल. पण भासाचा दुर्योधन मरताना जगाला दोष देत बसत नाही. सूड उगवायला निघालेल्या बलरामाला आणि अश्वत्थाम्याला तो आवरू पाहतो, मुलाला पांडवांचा मान राखण्याचा उपदेश करतो. त्याच्या कारुण्याला त्याच्या कबुलीची जोड आहे. फिलिप्सच्या दुसऱ्या चित्रपटातील आर्थर जेथे चाचपडत पोहोचतो, तेथे भासाचा दुर्योधन कितीतरी शतकांपूर्वी पोहोचला होता.

आपली परंपरा एवढी समृद्ध, तेव्हा आपला प्रेक्षकही जाणता, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली आणि तिने मराठी घराघरांत कर्णाला नेऊन बसवले. मराठी वाचकांच्या पिढ्या त्याच्यासाठी हळहळल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातील माणसांकडे, कर्णाकडेही, कोरड्या डोळ्यांनी पाहिले, त्याचा गौरव झाला, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण अश्रू ‘मृत्युंजय’च्याच वाट्याला आले. मूळ महाभारतात रथाचे चाक रुतल्यावर कर्ण अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला एकामागून एक प्रश्न विचारतो. द्रौपदीला सभेत ओढत आणले तेव्हा तुझा धर्म कोठे गेला होता? अभिमन्यूला अनेकांनी घेरून मारले तेव्हा? व्यासांनी कर्णाचे सूतपुत्र म्हणून झालेले अपमान लपवलेले नाहीत, कुंतीने नदीत सोडलेली पेटीही लपवलेली नाही. पण सभेतल्या द्रौपदीलाही ते विसरले नाहीत. वाचक विसरतो.

हिंदी चित्रपटाने एके काळी हा समतोल चांगला सांभाळला होता. मेहबूब खान यांच्या १९५७ सालच्या ‘मदर इंडिया’तला बिरजू दरोडेखोर का झाला हे चित्रपट सविस्तर दाखवतो. सुखीलाल सावकाराचा खोटा हिशेब, गहाण पडलेली आईची कांकणे, उपाशी बालपण, सारे काही त्यात आहे. प्रेक्षक बिरजूच्याच बाजूने असतो. तो सावकाराला मारतो तेव्हाही असतो. परंतु सावकाराच्या मुलीला लग्नमंडपातून पळवून नेऊ लागताच आई बंदूक उचलते आणि पोटच्या पोराला गोळी घालते. ज्या घराने मुलीच्या बापाकडून आयुष्यभर अन्याय सोसला त्या घरची आई त्याच बापाच्या मुलीची अब्रू राखते. बिरजूच्या कहाणीत रूपाला जागा आहे, म्हणून ती कहाणी पूर्ण होते.

१९७५ सालच्या ‘दीवार’मध्ये तर सलीम-जावेद यांनी या प्रश्नाला थेट तोंड फोडले. लहानपणी हातावर गोंदलेले अपमानास्पद शब्द विजयला तस्करीकडे नेतात. त्याचा भाऊ रवी पोलीस अधिकारी. भावावर कारवाई करावी की नाही या दुविधेत असतानाच तो पळणाऱ्या एका चोराच्या पायावर गोळी झाडतो आणि पाहतो तर मुलाच्या हातात पाव आहे. खजील होऊन तो खाण्याचे सामान घेऊन मुलाच्या घरी जातो. घरात दारिद्र्य आहे, आई संतापाने त्याच्यावर बरसते. निवृत्त शिक्षक असलेला बाप मात्र सांगतो की चोरी ती चोरीच, ती लाखाची असो वा भाकरीची. भुकेला प्रत्येक माणूस चोरी करू लागला तर जगाचे काय होईल? ए. के. हनगल यांनी केलेली ती काही मिनिटांची भूमिका. रवी तेथून उठतो आणि भावाचे प्रकरण हाती घेतो. खलनायकाच्या जन्मकथेला उत्तर देण्याचा अधिकार चित्रपटाने कोणा न्यायाधीशाला दिला नाही, तितकाच किंवा त्याहून अधिक सोसलेल्या माणसाला दिला.

पण प्रेक्षकांच्या मनात कोण राहिला? गाठ मारलेला निळा सदरा, खांद्यावरचा दोर आणि हमालीचा बिल्ला राहिला. पाव चोरणाऱ्या मुलाचा बाप किती जणांना आठवतो? महेश मांजरेकरांच्या १९९९ सालच्या ‘वास्तव’चे असेच झाले. चाळीत वाढलेला, पावभाजीची गाडी टाकून धडपडणारा रघू एका भांडणात माणूस मारून बसतो आणि टोळीयुद्धात ओढला जातो. हे मुंबईच्या मराठी वस्तीचे जळजळीत वास्तव होते. गिरण्या बंद पडल्यावर किती घरांनी आपले रघू गमावले याचा हिशेब लालबाग-परळला विचारावा. शेवटी रीमा लागूंनी साकारलेली आई स्वतःच्या हाताने त्याला मुक्त करते. गणेशोत्सवाच्या मांडवांत आणि महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत नकला मात्र झाल्या त्या रघूच्या गळ्यातील पन्नास तोळ्यांच्या साखळीच्या. आईच्या हातातल्या बंदुकीची नक्कल कोणी केली नाही.

तेव्हा दोष एकट्या निर्मात्याच्या माथी मारून भागत नाही. तरीही निर्मात्यांत फरक आहे. सलीम-जावेद यांनी उत्तर कथेत ठेवले होते. प्रेक्षकाने ते उचलले नाही, पण ते तेथे होते आणि दहा वर्षांनी पुन्हा पाहणाऱ्याला सापडत होते. आजच्या पुष्कळ चित्रपटांत ते नसतेच. टोळीप्रमुखाचे बालपण असते, त्याचे प्रेम असते, त्याची आई असते, पोलिसांशी त्याची चकमक रंगवून दाखवलेली असते. ज्या दुकानदाराने खंडणी दिली नाही म्हणून प्राण गमावले त्याच्या बायकोला एक वाक्यही नसते. आणि याला वास्तववाद म्हणायचे, असा आपल्या विद्वान समीक्षकांचा आग्रह असतो! खून करणाऱ्याचे वास्तव तेवढे वास्तव, मेलेल्याच्या घरचे नव्हे, हा कोणता न्याय?

डिसेंबर २०२० मध्ये ‘आदिपुरुष’ या आगामी चित्रपटाविषयी बोलताना रावणाची भूमिका करणारा अभिनेता सैफ अली खान याने, रावणाची मानवी बाजू दाखवली जाईल आणि शूर्पणखेच्या अपमानाचा सूड म्हणून सीताहरणाचे समर्थनही त्यात येईल, अशा अर्थाचे उद्गार काढले. देशभर संताप उसळला, त्याने क्षमा मागून विधान मागे घेतले. संताप योग्यच होता, पण तो कशासाठी योग्य होता याचा निवाडा फार थोड्यांनी केला. रावणाची मानवी बाजू दाखवण्यात पाप नाही. ती वाल्मीकींनीच दाखवली आहे, आणि रावणाचे अंत्यसंस्कार करायला बिभीषणाला सांगणारा प्रभू रामचंद्र ती जाणतो. आक्षेप होता तो ‘समर्थन’ या शब्दाला. शूर्पणखेच्या अपमानाची किंमत सीतेने का द्यावी? अशोकवनातल्या सीतेच्या जागी उभे राहून हा प्रश्न विचारला गेला असता तर त्या आंदोलनाला अधिक वजन आले असते. तसे न होता बहिष्काराच्या घोषणा झाल्या. पुढे जून २०२३ मध्ये चित्रपट आला तेव्हा लोकांचा राग निघाला तो निराळ्याच गोष्टीवर, हनुमंताच्या तोंडी घातलेल्या टपोरी भाषेवर, आणि निर्मात्यांना संवाद बदलावे लागले.

बहिष्काराने फार तर एक चित्रपट पडतो. घरातल्या तरुणाच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर रोज रात्री दहा जोकर येतात, त्यांना कोणता बहिष्कार अडवणार? त्या तरुणाला आर्थर फ्लेक जवळचा वाटतो याचे वाईट वाटून घेण्यापूर्वी, तो का जवळचा वाटतो हे वडिलधाऱ्यांनी विचारावे. भरतीच्या परीक्षेत चौथ्यांदा अपयशी ठरलेला, नातेवाइकांच्या लग्नात जायचे टाळणारा, आपल्यावर अन्याय झाला असे मानणारा मुलगा पडद्यावरच्या त्या कृश माणसात स्वतःला पाहतो. तो काही कात्री उचलणार नाही. पण आपल्या दुःखाला जगात तोड नाही आणि म्हणून दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याचे आपल्यावर बंधन नाही, एवढे तो शिकू शकतो. आणि हे शिकायला गुन्हेगार असावे लागत नाही. कार्यालयात, घरात, बायकोशी वागताना, सार्वजनिक कामातही ते शिकणे उपयोगी पडते. आपल्यावर झालेल्या ऐतिहासिक अन्यायांच्या कथा सांगणाऱ्या प्रत्येकाने, आणि असे सांगणारे संघटनांत पुष्कळ आहेत, हे स्वतःलाही लावून पाहावे. अन्यायाची आठवण ठेवणे वेगळे; तिच्या बळावर स्वतःला हिशेबातून मोकळे करणे वेगळे.

शाखेवर किंवा सुट्टीतल्या संस्कारवर्गात गोष्ट सांगणाऱ्याने कर्णाची गोष्ट अवश्य सांगावी आणि मुलांचे डोळे पाणावले तर पाणावू द्यावेत. मग तीच गोष्ट द्रौपदीच्या बाजूने सांगावी. घरात एकत्र चित्रपट पाहणाऱ्या आईवडिलांनी ‘जोकर’ संपल्यावर उपदेश करू नये; मुलगा उठून जाईल. फक्त गॅरीचे पुढे काय झाले असेल, एवढे विचारावे. दुसरा भाग कंटाळवाणा असला तरी तेवढ्यासाठी पाहण्यासारखा आहे.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात दोन रस्त्यांना जोडणारा एक लांबच लांब जिना आहे. रहिवाशांच्या येण्याजाण्याचा साधा, दमवणारा जिना. पहिल्या चित्रपटात आर्थर खून करून, तोंड रंगवून, लाल कपड्यांत याच जिन्यावरून नाचत उतरतो. २०१९ च्या शेवटी तेथे देशोदेशीचे पर्यटक लोटू लागले. प्रत्येकाला त्याच पायरीवर, त्याच ऐटीत पाय उचलून छायाचित्र काढून घ्यायचे होते. बाजाराच्या पिशव्या घेऊन वर चढणाऱ्या बायकांना वाट मिळेना, तेव्हा स्थानिकांनी तक्रारी केल्या. तिकडे ऑरोरात नगरपालिकेच्या इमारतीजवळच्या बागेत २०१८ पासून एक स्मारक उभे आहे. त्यात त्र्याऐंशी क्रौंच पक्षी आहेत. सत्तर जखमींचे, आणि तेरा अर्धपारदर्शक पांढरे, मृतांचे. मृतांचा आकडा बारा असला तरी पक्षी तेरा आहेत, कारण जखमी झालेल्या एका स्त्रीच्या पोटातले मूल जन्मलेच नाही.